माणिक ज्ञानोबाचा नातू माणिक ज्ञानोबा: आजोबांचं नाव ठेवण्याचं एक प्रकरण

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी घराचं हे प्रकरण. घर नमुन्यादाखल रचलं आहे आणि नावं सोयीसाठी दिली आहेत. त्यातल्या अडचणी मात्र मराठवाड्यात कुठल्याही तहसिलीच्या आवारात आणि कुठल्याही बारशाच्या घरी ऐकायला मिळतील अशाच आहेत.

आजोबा माणिक वैशाखात वारले, वय ६६. मागं आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला बालाजी, त्याला दोन मुली. मधली लेक, दिल्या घरी सेलूकडं. धाकटा ज्ञानोबा. आजोबा गेले तेव्हा ज्ञानोबाची बायको मीरा दोन महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी वसमतला गेली आणि मार्गशीर्षात तिला मुलगा झाला. सासरी फोन आला तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "आले माघारी." कोण आले, हे कुणाला विचारावं लागलं नाही. बाळाचं नाव माणिक, हे तिथंच ठरलं.

ते ठरलं हे चांगलंच झालं. गेलेल्या माणसाचं नाव घरात पुन्हा घुमावं, यात जो आधार आहे तो दुसऱ्या कुठल्याच नावात नाही. पण घरात ठरतं ते एका शब्दाचं नाव असतं. कागदावर ते कधी एकटं नसतं, मागं बाप आणि आडनाव लागतं. या घरातली गाठ तिथंच होती. बाळाच्या बापाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलेलं. त्या आजोबांच्या वडिलांचं नाव पुन्हा माणिक. म्हणजे खापरपणजोबा माणिक, पणजोबा ज्ञानोबा, आजोबा माणिक, वडील ज्ञानोबा, आणि आता बाळ माणिक. पाच पिढ्या, नावं दोनच. आजोबा 'माणिक ज्ञानोबा', नातूही 'माणिक ज्ञानोबा', आडनाव एकच. पणजोबा आणि वडील दोघेही 'ज्ञानोबा माणिक'. पूर्ण नाव अक्षरशः सारखं.

ही साखळी आपल्याकडं नवलाची नाही. आपेगाव, पैठण, नरसी, गंगाखेड अशी संतांची गावं याच मुलखात, त्यामुळं ज्ञानोबा, एकनाथ, नामदेव, जनाबाई ही नावं घरटी सापडतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंचे भक्तही इकडं बरेच. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत आली, की एका गावात एकाच नावाचे दोन-तीन खातेदार निघतात आणि त्यांतले दोन एकाच घरचे असतात.

रीत जुनी आहे. मुलाचं नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावं आणि ते तीन पिढ्यांच्या पूर्वजांना धरून असावं, असं याज्ञिकांचं वचन पतंजलीच्या महाभाष्यात दिलेलं आहे. आपल्या जवळचं उदाहरण वेरूळच्या भोसल्यांच्या वंशातलं. शिवाजी महाराज १६८० साली गेले. १६८२ साली संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजीच ठेवलं. आपण त्याला शाहू महाराज म्हणून ओळखतो. पुढं राजाराम महाराजांच्या मुलाचं नावही शिवाजी. दोन चुलत भावांना एकाच आजोबांचं नाव, आणि त्यातल्या एकाला सगळं जग हाकेच्या नावानं ओळखणार. आजही घरोघरी तसंच चालतं.

हाकेचं नाव आधी

मराठवाड्यात सून सासऱ्याला 'मामा' म्हणते आणि त्याचं नाव तोंडानं घेत नाही. आजी नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात. आता ज्या दोन बायका बाळाला दिवसातून शंभर वेळा हाक मारणार, त्या दोघींनाही त्याचं नाव उच्चारायला जड जाणार. मीरानं हे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं: "नाव ठेवा, मला आनंदच हाय. पण मामाचं नाव घेऊन लेकराला रागवू कसं?"

याला लाजरेपणा म्हणून उडवून लावू नये. बारशाच्या आधी हाकेचं नाव ठरलं नाही, तर घरात चार जण चार नावं पाडतात आणि त्यातलंच एखादं लसीकरणाच्या कार्डावर, अंगणवाडीच्या वहीत आणि शेवटी बाल आधारवर जाऊन बसतं. या घरात 'आबा' हे हाकेचं नाव ठरलं. आजोबांना गाव 'आबा'च म्हणायचं, त्यामुळं ते आजीलाही चाललं. हाकेच्या नावाची एकच अट: ते कुठल्याही कागदावर लिहायचं नाही. अंगणवाडी ताईला सांगायचं, "वहीत माणिक लिहा, हाक आबा मारा."

आणखी एक पथ्य घरोघरी पाळतात, जित्या माणसाचं नाव ठेवत नसतेत. आजोबा हयात असते तर हे नाव कुणी सुचवलंही नसतं. अपघातात किंवा अकाली गेलेल्याचं नाव ठेवायलाही बरीच घरं कचरतात. माणिकरावांचं सगळं भरल्या घरात, नातवंडं पाहून झालं होतं, म्हणून त्या बाजूनं कुणाची हरकत नव्हती. हरकत निघाली ती पंचांगातून.

'ता' अक्षर आणि दवाखान्याचा फॉर्म

बाळाचा जन्म स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणावर. स्वातीची चार अक्षरं रू, रे, रो, ता. चौथ्या चरणाला 'ता'. 'मा' हे मघाच्या पहिल्या चरणाचं अक्षर. म्हणजे राशीनुसार नाव ठेवायचं तर तूळ राशीचं 'ता'वरून यायला हवं, आणि 'माणिक' पडतं सिंहेत.

यातून वाट काढायला शास्त्राची मोडतोड करावी लागत नाही. जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, ही सोय आपल्याकडं आधीपासून आहे. जन्मनाव पाळण्यात एकदा घ्यायचं आणि पत्रिकेत लिहायचं. पुढं लग्नाच्या वेळी पत्रिका जन्मनक्षत्रावरून पाहतात. फक्त जन्माची तारीख, वेळ मिनिटासकट, ठिकाण आणि नक्षत्र-चरण एका कागदावर लिहून घरात जपून ठेवावं. ते हरवलं, की पंचवीस वर्षांनी कुणीतरी नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरस काढतो आणि तूळेच्या मुलाची सिंह रास धरून गुण जुळवतो.

चूक झाली ती दुसरीकडं. जन्माच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जन्माचा फॉर्म भरताना नर्सनं विचारलं, "नाव काय लावायचं?" मीराचा भाऊ जवळ होता. त्याच्या कानावर 'ता' अक्षर पडलेलं, म्हणून त्यानं सांगून टाकलं, "तानाजी." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म परत येईल, असं त्याला वाटलं. असं अनेकांना वाटतं.

तो रकाना मोकळा ठेवता येतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर ती दवाखानाच देतो. बाळाचं नाव तेव्हा नसलं तरी नोंद होते. कायद्याच्या कलम १४ खाली आई, वडील किंवा पालक नंतर नाव सांगू शकतात, तोंडी किंवा लेखी. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत सांगितलं तर विलंब शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून लावता येतं. म्हणून बारसं व्हायच्या आधी, घरात अक्षरन् अक्षर ठरल्याशिवाय, त्या रकान्यात काही लिहू नये. जन्माची नोंद मात्र २१ दिवस उलटू न देता करून घ्यावी. नावासाठी नोंदच थांबवून ठेवणं ही दुसऱ्या टोकाची चूक. ३० दिवसांनंतर परवानगी लागते, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश.

ज्ञानोबा नवव्या दिवशी दवाखान्यात गेला, तेव्हा त्या आठवड्याचे फॉर्म पुढं गेलेले नव्हते. नवा फॉर्म भरून नावाचा रकाना मोकळा सोडला. फॉर्म गेला असता तर प्रकरण अवघड होतं. एकदा नोंदवहीत नाव चढलं, की कलम १५ ची दुरुस्ती ही चुकांसाठी आहे. 'घरात दुसरं नाव ठरलं' ही कायद्याच्या लेखी चूक नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल आणि पुढं प्रत्येक कागदाला ते राजपत्र जोडत बसणं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेश, आधार, पारपत्र, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मठिकाणासाठी जन्मदाखला हाच पुरावा धरला आहे. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून नेता यायचं. आता ती पळवाट उरली नाही.

आणखी एक लक्षात ठेवायचं. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, राहत्या गावी नाही. बाळंतपण माहेरी, म्हणून नाव लावायला ज्ञानोबाला वसमतलाच जावं लागणार, जिंतूरला नाही. हे माहीत नसल्यानं कितीतरी बाप आपल्या ग्रामपंचायतीत दोन-दोन चकरा मारतात.

पूर्ण नाव लिहून पाहा

बारशाच्या चार दिवस आधी या घरानं जे केलं ते सगळ्यांनी करावं. एका वहीच्या पानावर बाळाचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच्या खाली आजोबांचं, सातबाऱ्यावर आहे तसं, बँकेत आहे तसं, मतदार यादीत आहे तसं, आधारवर आहे तसं. चार ठिकाणी चार रूपं निघाली: माणिकराव ज्ञानोबा, माणिक ज्ञानोबा, माणिक ग्यानबा, माणिका ग्यानोबा. मग वडिलांची रूपं लिहिली. दहावीच्या प्रमाणपत्रावर ज्ञानोबा, आधारवर इंग्रजीत ग्यानोबा. 'ज्ञ' हे अक्षर इंग्रजीत कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय, तर कुणी जे-एन. बोलीत सगळे ग्यानबाच म्हणतात, त्यामुळं आधार काढताना सांगणाऱ्यानं जसं सांगितलं तसं टंकणाऱ्यानं लिहिलं.

इथं घाई करून बाळाचा दाखला काढला असता, तर त्यावर बापाचं नाव एका तऱ्हेनं आणि बापाच्या आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं आलं असतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं बाल आधार आईबापाच्या आधाराला जोडून निघतं, तिथंच ते अडलं असतं. म्हणून क्रम असा लावला: आधी बापाचं आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणं दुरुस्त, मग आईच्या आधारवर माहेरचं आडनाव आहे की सासरचं ते पाहणं, आणि त्यानंतर बाळाचं नाव. आईबापाचे कागद सरळ नसताना बाळाचा कागद सरळ निघत नाही.

आजोबा आणि नातू यांची नावं वेगळी कशी दिसतील, यावर घरात बरीच चर्चा झाली. एकानं सुचवलं, आजोबांना 'राव' आहे, नातवाला नको, तेवढा फरक पुरे. तो पुरत नाही. 'राव' हा आदराचा शब्द, कुणी लावतो, कुणी गाळतो. वर दिलेल्या चार रूपांत तो एकाच ठिकाणी होता. दुसऱ्यानं सुचवलं, 'माणिक'चं 'मानिक' करू. हे सगळ्यात वाईट. पुढं दोन्ही कागद एकाच माणसाचे समजले जातील आणि शुद्धलेखनाची चूक म्हणून कुणीतरी ते 'दुरुस्त'ही करील.

खरा फरक आईच्या नावानं पडला. राज्य मंत्रिमंडळाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. म्हणजे आजोबा 'माणिक ज्ञानोबा' आणि नातू 'माणिक मीरा ज्ञानोबा'. ज्या घरांत नावांची अशी साखळी आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सोय झाली. आईचं नाव आलं म्हणून आजोबांचं नाव बिनधास्त ठेवता येतं.

यातही एक खाच आहे. कित्येक अर्जांत अजून तीनच चौकटी असतात: नाव, वडील किंवा पतीचं नाव, आडनाव. तिथं भरणारा आईचं नाव गाळतो आणि पुन्हा 'माणिक ज्ञानोबा' तयार होतो. अशा वेळी 'माणिक मीरा' असं पहिल्या चौकटीत लिहावं, आणि भरून झाल्यावर पावतीवर नाव कसं उमटलं ते तिथंच उभं राहून वाचावं.

सातबारा, आणि कानात नाव सांगणारी आत्या

या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा जमिनीची होती. आजोबा जाऊन सात महिने झाले होते, वारसाची नोंद झालेली नव्हती. सातबाऱ्यावर अजून माणिकराव ज्ञानोबाच. पारावर बसणारं एक शहाणं माणूस म्हणालं, "राहू द्या की आज्जाचं नाव. नातवाचं नाव तेच. मोठा झाला की आपोआप त्याचंच झालं."

हे ऐकायला गोड आहे आणि यानं घरं फुटतात. आजोबांच्या जमिनीचे वारस आजी, दोन्ही मुलगे आणि मुलगी. बाप जिवंत असताना नातू वारस नाही. आजोबांचं नाव तसंच ठेवलं आणि अठरा वर्षांनी त्याच पूर्ण नावाचं आधार घेऊन नातू उभा राहिला, तर कागदावर तो खातेदार दिसेल. त्यात थोरल्या चुलत्याचा वाटा गेला, आजीचा गेला आणि आत्याचा तर सगळ्यांत आधी गेला. मुलीचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मुलाच्या बरोबरीचा आहे. बारशाला वाकून बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच. तिनं सांगितलेलं नावच पुढं तिचा हिस्सा गिळणार असेल, तर त्या नावाची शोभा राहत नाही. पोरानं फसवायचं ठरवलं नाही तरी हा गोंधळ होतो. पीक कर्ज, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्या ठिकाणी नाव जुळलं की माणूस जुळला असं धरलं जातं.

म्हणून नाव ठेवण्याआधी, निदान त्याच महिन्यात, वारस नोंद. हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यावी, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून नोंद होत नाही असं नाही, पण सबब कशाला? अर्ज तलाठ्याकडं, ज्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, किंवा ई-हक्क प्रणालीतून. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, वय, नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची चौकशी होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, लिहिला जातो, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. २०२५ साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ती याच कामासाठी. मयत खातेदारांची नावं पिढ्यान् पिढ्या सातबाऱ्यावर राहिलेली होती.

या घराचा अर्ज पहिल्यांदा परत आला. सातबाऱ्यावर 'माणिकराव ज्ञानोबा' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'माणिक ग्यानबा'. दाखला काढताना चुलत्यानं तोंडी सांगितलं होतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आजोबांचं आधार, मतदान कार्ड आणि त्यांच्या नावावर जमीन आली तेव्हाच्या जुन्या फेरफाराची नक्कल जोडली, तेव्हा काम पुढं सरकलं. सातबाऱ्यावरचीच लेखनचूक असती, तर तहसीलदाराकडं कलम १५५ खाली अर्ज करावा लागला असता. मृत्यूचा दाखला काढायला जाताना सातबाऱ्याची प्रत हातात ठेवावी आणि नाव त्यावरून वाचून सांगावं. दुःखात कुणाला सुचत नाही, म्हणून हे काम घरातल्या नव्हे, भावकीतल्या एका शांत माणसावर सोपवावं.

पुढं कधी नातवाच्या नावावर त्याच्या लहानपणीच जमीन आली, तर सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असा शेरा आणि पालकाचं नाव लागतं. अज्ञान पालनकर्ता असा त्याचा अर्थ. मुलगा १८ वर्षांचा झाला की तो शेरा कमी करून घ्यायचा असतो.

वंशावळीतला कोणता ज्ञानोबा

निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मुलखाला ही अडचण इतरांपेक्षा जास्त आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे कागद बरेचसे उर्दूत किंवा मोडीत. माणसाची ओळख 'ग्यानबा वल्द माणिक' अशी, वल्द म्हणजे मुलगा. आडनाव असेलच असं नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळं वाचणाऱ्यागणिक नाव थोडं बदलतं. साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी साल निघतं, म्हणजे १३४३ फसली हे साधारण १९३३-३४.

जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला वंशावळ द्यावी लागते आणि जुना पुरावा तीतल्या नेमक्या माणसाशी जोडावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं मराठवाड्यात जमिनीची जुनी खासरा पत्रकं, हक्क नोंदी, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे यांचा शोध झाला, तेव्हा हीच गाठ घरोघर पडली: कागद सापडला, पण त्यातला 'ज्ञानोबा माणिक' पणजोबा की वडील? साल पाहिल्यावर इथं उत्तर सोपं आहे, वडील तेव्हा जन्मलेच नव्हते. पण खापरपणजोबा आणि आजोबा, दोघेही माणिक, एकाचं जाणं आणि दुसऱ्याचं जन्मणं जवळजवळच्या सालांत येतं, तिथं नुसत्या सालानं भागत नाही.

यावर उपाय एकच आणि तो आजच करता येतो. वंशावळ लिहिताना प्रत्येक नावापुढं तीन गोष्टी लिहा: जन्म-मृत्यूचं साल, अंदाजे असलं तरी, बायकोचं नाव, आणि भावंडं. 'माणिक, सरूबाईचा नवरा' आणि 'माणिक, गोदावरीबाईचा नवरा' कधी एक होत नाहीत. पुरुषांची नावं फिरून फिरून येतात, बायका वेगवेगळ्या घरांतून आलेल्या असतात, म्हणून वंशावळ त्यांच्याच नावांनी उलगडते. सरूबाईचं नाव या घरात फक्त आजीला आठवत होतं. तिनं सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. ती आणखी दहा वर्षांनी विचारली असती तर?

थोरल्या भावाचा प्रश्न

बालाजीला दोन मुली. पुढं मुलगा झाला आणि त्यानंही वडिलांचं नाव मागितलं तर? थोरल्याचा मान मोठा, असं म्हणणारे घरात होते. 'माणिक मीरा ज्ञानोबा' आणि बालाजीचा माणिक, बाप वेगळे असल्यानं कागदावर अडचण नाही. अडचण मनात असते. धाकट्यानं आपल्याला न विचारता बापाचं नाव नेलं, ही सल दिवाळीला, वाटणीला, लग्नाच्या पत्रिकेला वर येते. ज्ञानोबा स्वतः भावाकडं गेला आणि विचारलं. बालाजी म्हणाला, "मला कशाला ईचारतोस, बापाचं नाव चाललं म्हणजे झालं." विचारलं म्हणूनच तो असं म्हणू शकला.

त्याच बैठकीत बालाजीच्या धाकट्या मुलीला पुढंमागं आजीचं नाव लावण्याची गोष्ट निघाली. आजीला नावं दोन, माहेरची गोदावरी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं गेलेलं दुसरंच. शाळेच्या जुन्या नोंदीत माहेरचं, जमिनीच्या कागदावर सासरचं, आणि गावात हाक गोदावरीबाई. कुठलं नाव पुढं चालावं, हे आजीलाच विचारायला हवं. आजी हयात आहे, तो विषय तिथंच थांबवला.

बारसं

बाराव्या दिवशी वसमतला बारसं. घरात वर्ष सरायचं होतं, म्हणून वाजंत्री नाही, मांडव नाही. आदल्या रात्री दोन किलो हरभरे भिजत घातले, सकाळी घुगऱ्या. आत्या सेलूहून कुंची, झबलं आणि बाळंतविडा घेऊन आली. पाळण्यात आधी कापडात गुंडाळलेला वरवंटा ठेवला, मग बाळ पाळण्याखालून पलीकडं आणि वरून अलीकडं: "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." आत्या वाकली, पाठीवर बायकांनी हलक्या मुठी मारल्या. तिनं बाळाच्या कानात कुर्र करून पहिलं जन्मनाव घेतलं, तानाजी. मग दुसरं. दुसरं घेताना तिचा आवाज बसला, बापाचंच नाव ते. आजी पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. तिचे ओठ हलले, पण बाहेर आलं ते "आबा".

दोन दिवसांनी ज्ञानोबा आणि मीरा दोघंही आपापली आधार कार्डं आणि नाव नसलेला दाखला घेऊन निबंधकाकडं गेले. अर्जात नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. दाखला छापण्यापूर्वी पडद्यावर वाचायला मागितला, तेव्हा आईच्या नावाची वेलांटी चुकलेली सापडली आणि ती तिथल्या तिथं नीट झाली. माणिक मीरा ज्ञानोबा. प्रती पाच काढल्या.

सातबाऱ्याचा फेरफार पौषात प्रमाणित झाला. माणिकराव ज्ञानोबा हे नाव कमी झालं आणि चार वारस लागले, आजी, बालाजी, आत्या, ज्ञानोबा. फेरफाराची एक नक्कल वंशावळीच्या वहीत ठेवली, आणि एक आत्या सेलूला घेऊन गेली.